पिवळ्या दिव्यांतली मावशी आणि मागचे गृहस्थ

माझ्या मावशीचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागला, आणि तो चांगला आला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. भिंतीवर अधिकृतरीत्या फक्त एक खिळा आहे आणि त्या खिळ्याची चाचणी चालू आहे. तेव्हा आपण फोटो काढण्याच्या आधीपासून सुरुवात करू, म्हणजे उगाच कुणावर बालंट नको.

मावशी वाचनालयाची मुख्य ग्रंथपाल. ती निवृत्त होणार होती. तिथली पद्धत अशी की निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालाचा फोटो वाचनकक्षातच, त्याच उंच पाठीच्या खुर्चीत, कामाच्या वेळेत काढायचा आणि आधीच्या ग्रंथपालांच्या रांगेत लावायचा. ही रांग मी लहानपणापासून पाहत आलोय. पहिले ग्रंथपाल गंभीर आहेत. दुसऱ्यांना आपला फोटो निघतोय हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिसऱ्यांच्या वेळी फ्लॅश नावाची वस्तू आली, आणि तेव्हापासून सगळे ग्रंथपाल काळ्याकुट्ट अंधारातून नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतात. शेवटच्यांचे दोन्ही डोळे लाल आहेत. बालविभागात जाणारी मुलं त्यांच्यासमोरून चालत जात नाहीत, पळतात.

"मला तसलं काही नकोय," मावशी म्हणाली. "लोकांनी मला आयुष्यभर या दिव्यांखाली पाहिलंय. तशीच दिसले पाहिजे. आणि मागे माझा हॉल दिसला पाहिजे. नाहीतर मी कोळशाच्या खाणीत नोकरी केली असं वाटेल."

"आणि नाही जमलं तर?"

मावशीने टेबलाच्या खणातून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. नियम असा होता की निरोपाच्या दिवसापर्यंत समितीने मंजूर केलेला फोटो नसेल, तर सेवापुस्तकातला फोटो मोठा करून लावायचा. हा तोच फोटो. नोकरीला लागली त्या दिवशीचा. त्या दिवशी मावशीला सर्दी होती. एक डोळा मिटायला निघालाय, दुसऱ्याला ते अजून कळलेलं नाही. त्यात फोटोवर कार्यालयाचा गोल शिक्का मारलाय, आणि शिक्क्याची कड नेमकी वरच्या ओठावर आलीय. त्यामुळे मावशीला मिशी आहे. बारीक, पण भारदस्त.

"हा दाराएवढा मोठा करणार आहेत," मावशी म्हणाली. "आणि मी गेल्यावर हाच इथे राहणार. मुलं याला बघून पळणार नाहीत. हसतील. ते मला जास्त लागेल."

मी फोटोग्राफर आहे. म्हणजे एका फर्निचरच्या दुकानासाठी कपाटांचे फोटो काढतो. कपाटं हलत नाहीत, डोळे मिटत नाहीत आणि माझी डावी बाजू चांगली येते असं सांगत नाहीत. त्यामुळे माणसांचा अनुभव थोडा कमी. पण घरच्या वैद्यावर विश्वास ठेवावा लागतो, तसा मावशीने माझ्यावर ठेवला. दुसरा कुणी फुकट येत नव्हता, हेही खरं.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी मी सामान घेऊन वाचनकक्षात गेलो. लांबलचक हॉल. प्रत्येक टेबलावर पितळेची टोपी घातलेला जुना पिवळा दिवा. सगळीकडे मध सांडल्यासारखा उजेड. मी शिपाईकाकांना म्हटलं, "काका, हे पिवळे दिवे जरा बंद करता येतील? मी माझा उजेड करतो."

"एक वाचक जरी बसलेला असला तरी दिवा बंद करायचा नाही. बाईंचा नियम," शिपाईकाका म्हणाले, आणि हनुवटीने हॉलच्या मागच्या टेबलाकडे दाखवलं.

तिथे एक गृहस्थ उघड्या पुस्तकावर गाल टेकून झोपले होते.

"ते झोपलेत," मी म्हटलं.

"चिंतन करतायत," मावशी म्हणाली. "रोज येतात. वाचकाला उठवायचं नाही, हा पण माझा नियम आहे. बंदची घंटा होईपर्यंत."

तिच्या बाजूच्या भिंतीवरच वाचनालयाच्या नियमांचा भलामोठा पांढरा फलक होता. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: वाचनकक्षात झोपू नये. पण नियम करणारीच म्हणत होती की ते चिंतन आहे, म्हणजे ते चिंतन होतं. सगळे त्या गृहस्थांना चिंतनकाका म्हणत. तोंडावर नव्हे. तोंड बहुतेक पुस्तकात असायचं.

मावशी खुर्चीत बसली. पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि चेहरा असा केला की जणू मी पुस्तक उशिरा परत आणलंय. मी कपाटांसाठी वापरतो तोच कॅमेरा, तोच फ्लॅश थेट तिच्यावर रोखून पहिला फोटो काढला.

शिपाईकाकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं. "बाई चंद्रावर बसल्यात," ते म्हणाले.

खरंच होतं. मावशी पांढरीफटक. मागचा हॉल गायब. त्या काळोखात दूरवर दोन-चार गंजलेले नारिंगी ठिपके, तेवढे तिचे दिवे.

"रांगेत शोभेन," मावशी म्हणाली. "पुढचा काढ."

मी विचार केला, हॉल दिसायला हवा तर फ्लॅशच नको. दिव्यांचा उजेड मंद, तेव्हा कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा. फक्त मावशीने हलायचं नाही.

"मावशी, हलू नकोस."

"मी कुठे हलतेय?" असं म्हणत मावशीने मान हलवली, मागे कुणीतरी खुर्ची ओढली म्हणून वळून "शू" केलं, आणि परत समोर पाहिलं. हे सगळं एकाच फोटोत आलं. हॉल सुंदर होता. दिवे, कपाटं, पुस्तकांच्या पाठी, सगळं जागच्या जागी. मावशीला मात्र दोन डोकी होती, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

चिंतनकाका मात्र अप्रतिम आले होते. पापणीचा केस न केस मोजता आला असता. मला आजवर कपाट सोडून इतकं समंजस गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

"यांचाच लावून टाका," शिपाईकाका म्हणाले. "बाईंपेक्षा जास्त वेळ इथेच असतात."

मावशीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शिपाईकाका उगाच एक टेबल पुसू लागले.

म्हणजे दोन्ही हवं. मावशीला जागच्या जागी धरून ठेवायला फ्लॅश, आणि हॉल दिसायला दिवे. मी कॅमेऱ्याला सांगितलं की बाबा, इथला उजेड पिवळा आहे, तो पांढरा समज. कॅमेरा आज्ञाधारक. त्याने हॉलचा पिवळेपणा काढून टाकला, भिंती छान पांढऱ्या झाल्या. पण माझ्या फ्लॅशचा उजेड मुळातच पांढरा. त्याच्यातून पिवळं काढायला गेल्यावर उरणार काय? निळं. हॉल जसाच्या तसा, आणि मध्यभागी खुर्चीत निळीशार मावशी.

मी पडदा हाताने झाकला. मावशीने हात बाजूला केला.

तिने चष्मा काढला. मग म्हणाली, "मिशीवाला बरा होता का रे?"

ते ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. ती चेष्टेत बोलली, पण चष्मा काढून बोलली, आणि मावशी चष्मा काढून चेष्टा करत नाही.

"अगं, दोष कुणाचाच नाहीये," मी म्हटलं. "दोन उजेड आहेत आणि दोघांची भाषा वेगळी आहे. कॅमेरा एका वेळी एकाचंच ऐकतो. फ्लॅशलाच पिवळं बोलायला शिकवलं की झालं. त्याच्या तोंडावर एक नारिंगी पारदर्शक कागद लावायचा असतो."

"मग लाव की."

"तो घरी आहे."

"घरी काय करतोय?"

तो कागद आईने फ्रिजमधल्या दिव्यावर चिकटवला होता. फ्रिज उघडल्यावर तो दिवा तिच्या डोळ्यांत जायचा. तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये कायम संध्याकाळ असते. हे मी मावशीला सांगितलं. तिची सख्खी बहीण असल्याने तिला काहीच नवल वाटलं नाही.

"नारिंगी आणि पारदर्शक," ती म्हणाली. "थांब."

आता मावशीच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. तिने सगळ्या वाचनालयाला रंगीत पारदर्शक कव्हरं घातली होती, म्हणजे पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर लांबूनच ओरडून सांगेल. कायद्याची हिरवी, विज्ञानाची निळी, कादंबऱ्यांची नारिंगी. चरित्रांना बिनरंगी, कारण तिच्या मते चरित्रात आधीच पुरेसा रंग भरलेला असतो.

शिपाईकाकांनी कादंबऱ्यांच्या कव्हरची गुंडाळी आणली. मावशीने स्वतः कात्री घेतली, फ्लॅशचं माप घेतलं, कोपरे सुबक दुमडले आणि त्याला कव्हर घातलं. सवयीने पाठीवर चिठ्ठीही चिकटवणार होती. मी थांबवलं.

"एक पदर लावू की दोन?" तिने विचारलं.

"दोन लाव."

दोन पदरांत मावशी पिकली. म्हणजे अक्षरशः, अजून एक दिवस ठेवली असती तर उतरली असती. एक पदर काढल्यावर ती माणसात आली. चेहऱ्यावरचा उजेड आणि मागच्या दिव्याचा उजेड एकाच घरातले वाटू लागले. मी मुद्दामच थोडा पिवळेपणा राहू दिला. सगळा काढला असता तर तो दवाखाना झाला असता.

पण आता वेगळंच दिसायला लागलं. फ्लॅश समोरून थेट येत होता, त्यामुळे मावशीच्या नाकाची सावली गालावर पडून तिथे दुसरं, छोटं नाक तयार झालं होतं. असा उजेड आधी कशावर तरी आपटवून, पसरवून आणावा लागतो. मी फ्लॅश वर छताकडे वळवला. छत फिकट हिरवं होतं.

"कायदा," मावशी फोटो पाहून म्हणाली.

"छताला हिरवा कुणी दिला?"

"बागेतल्या बाकांचा उरला होता," शिपाईकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

मला पांढरं काहीतरी हवं होतं. मोठं, सपाट, पांढरं. मी हॉलभर नजर फिरवली. कपाटं तपकिरी, भिंतींना पुस्तकं, शिपाईकाकांचा गणवेश खाकी. चिंतनकाकांचा शर्ट पांढरा होता, पण त्यांच्या पाठीवर उजेड मारायला मावशीने परवानगी दिली नसती. आणि मग मला बाजूच्या भिंतीवरचा नियमांचा फलक दिसला.

तो मी आणि शिपाईकाकांनी भिंतीवरून उतरवला आणि मावशीच्या एका बाजूला उभा केला. शिपाईकाका तो धरून मागे लपले. मी फ्लॅश फलकाकडे वळवला. नियमांवरून परतलेला उजेड मावशीच्या चेहऱ्यावर पडला, आणि का कोण जाणे, तिला तो लगेच ओळखीचा वाटला. ती खुर्चीत सैल बसली.

"फ्लॅश जोरात नको," मी स्वतःशीच बोलत होतो. "दिव्यापेक्षा वरचढ होता कामा नये. घरात आलेल्या पाहुण्यासारखं, आहे पण जाणवत नाही, असं."

"असा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही," मावशी म्हणाली.

"बोलू नकोस."

"बोलत नाहीये."

हाच सगळ्यात मोठा प्रश्न होता. दिव्यांचा उजेड यायला कॅमेऱ्याचा डोळा अजूनही जरा उघडा ठेवायला लागत होता, आणि तेवढा वेळ मावशीने गप्प राहणं ही गोष्ट आमच्या घराण्यात कुणी पाहिलेली नव्हती. मी तिला श्वास रोखायला सांगितला, तर तिने श्वास कसा रोखावा यावर मला चार शब्द सुनावले. पलीकडे फलकामागून शिपाईकाका म्हणाले की हात भरून आलेत.

तेवढ्यात मागे चिंतनकाकांचा कोपर किंचित सरकला. त्यांच्या पुढ्यातलं पुस्तक टेबलाच्या कडेला आलं. अर्धं आत, अर्धं बाहेर.

आवाज एवढासाच झाला, पण मावशीने तो ऐकला. ती वळली नाही. वळली असती तर खुर्ची वाजली असती, आणि खुर्ची वाजली असती तर वाचक जागा झाला असता. ती तशीच बसून राहिली. मान एवढीशी कललेली, ओठ मिटलेले, सगळं लक्ष पाठीमागे. पुस्तक पडतं की राहतं? पाहत माझ्याकडे होती, पण पाहत होती हॉलकडे. आयुष्यभर ती अशीच बसली असणार, आणि मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

मी बटण दाबलं.

नारिंगी उजेड नियमांवरून अलगद फिरून आला आणि दिव्यांत मिसळून गेला. कुठला कोणता, ते आता त्या उजेडांनाही सांगता आलं नसतं. पुस्तक पडलं नाही. मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, अगदी थोडं, आणि तेही फोटोत आलं.

शिपाईकाकांनी फलक खाली ठेवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बाई आल्यात," ते म्हणाले.

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं. "दिवे माझेच आहेत," ती म्हणाली, आणि उठून हलक्या हाताने चिंतनकाकांचं पुस्तक आत सरकवून आली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण वाचनालयाला समिती होती आणि समितीला अध्यक्ष होते.

अध्यक्षांनी फोटो हातात धरून लांब केला, जवळ आणला. "फारच छान. फक्त मागे हा सदस्य झोपलाय."

आधीच्या सगळ्या ग्रंथपालांच्या वेळी ही अडचण आली नव्हती, कारण त्यांच्या मागे काही दिसतच नव्हतं. कोण जाणे, त्या काळोखात किती जण झोपले असतील. मी दोन उजेड एकमेकांशी जुळवून सगळा हॉल दाखवला, आणि त्यात चिंतनकाका, अगदी ठसठशीत, आले.

"चिंतन करतायत," मावशी म्हणाली.

"तोंड उघडं आहे."

"काही विचार मोठे असतात."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मागचं काळं करता येईल?"

"येईल," मी म्हटलं. "पण मग बाई चंद्रावर जातात."

"मग या गृहस्थांनाच पुसून टाका. हल्ली संगणकावर होतं म्हणे."

"माझ्या कारकिर्दीत एकही वाचक पुसला गेलेला नाही," मावशी म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात सुरुवात करणार नाही."

अध्यक्षांनी उसासा टाकला. ते तसे वाईट नव्हते, फक्त अध्यक्ष होते. "मग त्यांची लेखी संमती आणा. फोटोत ओळखू येणाऱ्या माणसाची संमती लागते. निरोपाच्या दिवसापर्यंत ती आली नाही, तर सेवापुस्तकातला लावावा लागेल. माझा नाइलाज आहे."

त्या संध्याकाळी बंदची घंटा झाली, चिंतनकाका जागे झाले, आणि मी फोटो घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

त्यांनी तो अगदी मन लावून पाहिला. "वा. बाई अगदी बाईंसारख्या आल्यात. हे दिवे बघा, काय सुरेख."

"आणि मागे तुम्ही."

"कुठे?"

मी बोट ठेवलं.

"छे," चिंतनकाका म्हणाले. "हा कुणीतरी झोपलाय."

"काका, शर्ट तुमचा आहे."

"असेल. असे शर्ट खूप मिळतात. पण मी वाचायला येतो, झोपायला नाही." त्यांच्या गालावर पुस्तकातल्या दोन ओळी उमटलेल्या होत्या, उलट्या. "मी कसा सही करू? दुसऱ्याच्या नावाने सही करणं बरं दिसत नाही. तुम्ही या माणसाला शोधा आणि त्यालाच विचारा." निघता निघता ते थांबले. "आणि बाईंना सांगा, असल्या लोकांना जरा समज द्यायला हवी. नियम स्वच्छ लिहिलाय."

मी मावशीकडे आलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चष्मा काढणार. तिने काढला नाही.

"म्हणजे जागेपणी ते हे नव्हेत," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे जे आहेत, ते झोपलेले असतात."

"हो."

"आणि झोपलेल्या वाचकाला उठवता येत नाही."

"तुझाच नियम."

मावशीने खणातून कोरा कागद काढला. एवढी वर्षं कार्यालयात काढलेल्या माणसाला एक गोष्ट माहीत असते, जी फोटोग्राफरला कधीच कळत नाही. "समितीला अर्ज कर," ती म्हणाली. "जोवर एखादा अर्ज विचाराधीन आहे, तोवर त्या जागी दुसरं काही लावता येत नाही. मिशीसुद्धा नाही."

"आणि तोवर भिंतीवर काय?"

"तोवर खिळा मजबूत आहे की नाही ते पाहायला नको?" अजून खालीच राहिलेला फलक जागेवर टांगता टांगता शिपाईकाका म्हणाले. "उद्या काय वजन येईल सांगता येत नाही. काहीतरी अडकवून बघावं लागेल. मापाचंच काहीतरी."

निरोपाच्या दिवशी अध्यक्ष भाषणाला उभे राहिले तेव्हा खिळ्याची चाचणी सुरू झालेली होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्या अर्जाकडे पाहिलं, अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले की समिती विचार करील. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. मागच्या टेबलावर चिंतन चालू होतं.

परवा पुन्हा जाऊन आलो. बालविभागातली मुलं फोटोंच्या रांगेसमोरून पळतात, आणि मावशीपाशी आल्यावर चालायला लागतात. त्यातल्या एकीने मागच्या गृहस्थांवर बोट ठेवून मैत्रिणीला "शू" केलं.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. ते येऊ नये म्हणून आम्ही दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतो. त्यातला मजकूर असा:

मा. अध्यक्ष यांस सविनय सादर. विषयांकित छायाचित्रातील निद्रिस्त गृहस्थ व आपले नियमित वाचक या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे सदर वाचकांनी जागेपणी स्वतः कळविले आहे. सबब संमती निद्रिस्त गृहस्थांकडूनच घेणे क्रमप्राप्त आहे. तरी त्यांना न उठविता, त्यांच्या चिंतनात कोणताही व्यत्यय न आणता, त्यांनी छायाचित्र पूर्णपणे पाहिले असल्याची खात्री करून, त्यांची सुवाच्य सही दिनांकासह मिळवून द्यावी, ही नम्र विनंती.